‘स्वखुशीने’ लिहून दिलेला कागद

पत्राचा सारांश : ठाण्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक लिहितात. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा नवी मुंबईत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांपूर्वी तो वर्गमित्राबरोबर वाशीच्या एका मॉलमधील दुकानात गेला होता. बाहेर पडताना दारातला अलार्म वाजला. मुलाच्या जॅकेटच्या खिशात २,२९९ रुपयांचे इअरफोन निघाले आणि मित्राच्या सॅकमध्ये ४,१०० रुपयांचे घड्याळ. दोघांना मागच्या खोलीत साडेतीन तास बसवून ठेवले, माफीनामे लिहून घेतले, वस्तू परत घेतल्या आणि सोडून दिले. मुलगा म्हणतो की, फोनवर बोलताना डबी खिशात टाकली आणि विसरलो. वडिलांना ते पटत नाही. गेल्या आठवड्यात दुकानातून फोन आला, ‘पन्नास हजार द्या, नाहीतर पोलिसांत जाऊ.’ परवा पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘मुलाला घेऊन एकदा येऊन जा.’ आई म्हणते, पैसे देऊन मिटवून टाका. वडिलांना वाटते, मुलाने पोलिसांसमोर सगळे लिहून द्यावे आणि होईल ती शिक्षा भोगावी. त्यांचा प्रश्न आहे : ‘खरे बोलणाऱ्याला वकील कशाला लागतो?’ माफीनाम्याचा फोटो त्यांनी पत्रासोबत पाठवला आहे.

आदरणीय सर,

तुमचे पत्र वाचल्यावर मी त्या माफीनाम्याचा फोटो बराच वेळ पाहत बसलो. ‘मी माझ्या स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देतो की,’ अशी सुरुवात आहे. पुढे ‘मी’ हा शब्द खोडला आहे आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘आम्ही दोघांनी मिळून’ असे घातले आहे. त्याखाली दोन्ही वस्तू, दोन्ही किमती आणि बेरीज ६,३९९. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या मनाने ‘स्वखुशीने’ असा शब्द वापरतो का, आणि स्वतःचा ‘मी’ खोडून ‘आम्ही दोघांनी मिळून’ असे आपल्या मनाने घालतो का, हे तुमच्याइतके चांगले कोणाला कळणार? हा कागद कोणीतरी सांगितला आहे आणि मुलाने तो उतरवून घेतला आहे. मी तुमच्या मुलाला निर्दोष ठरवत नाही, कारण ते मला माहीत नाही. पण तेच तुम्हालाही माहीत नाही, आणि तुमच्या पत्रातला निर्णय मात्र ते माहीत असल्यासारखा घेतलेला आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने हलवणे म्हणजे चोरी. यातला सगळा भार ‘इराद्याने’ या शब्दावर आहे. वस्तू खिशात सापडली एवढ्याने गुन्हा पुरा होत नाही, आणि दाराबाहेर पडला नव्हता एवढ्याने तो संपतही नाही. इरादा आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरतो. डबीवरचा सुरक्षेचा टॅग फाडला होता का? मुलाच्या खात्यात तेवढे पैसे होते का? त्याने दुसरे काही घेऊन त्याचे बिल केले होते का? तो खरोखरच फोनवर होता का, आणि असल्यास फोनमधली कॉलची वेळ कॅमेऱ्यातल्या वेळेशी जुळते का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रात नाही. ‘मला पटत नाही’ एवढेच आहे. वडिलांना न पटणे हा पुरावा नव्हे, आणि मुलगा खरे सांगत असेल तर तुमच्या आग्रहाखातर तो जे लिहून देईल तेच खोटे असेल.

कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी घाई करायला हवी. अशी चित्रणे काही दिवसांनी पुसली जातात आणि त्यांच्यावर नवी चढतात. इथे तर तीन आठवडे गेले आहेत. दुकान आणि मॉल या दोघांना, त्या संध्याकाळचे चित्रण जपून ठेवावे, असे पत्र वकिलामार्फत लगेच गेले पाहिजे. टाळाटाळ झाली तर ते हजर करण्याचा आदेश मागण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. चित्रणात मुलगा टॅग फाडताना दिसला तर? तेही आजच कळलेले बरे, कारण मग बचावाची दिशा निराळी होते आणि खोट्या बचावावर कोणी वर्षे घालवत नाही.

आता ‘दोघांनी मिळून’ या शब्दांकडे येतो, कारण या प्रकरणातली खरी गाठ तिथे आहे. नव्या संहितेत कलम ३०३ ला एक महत्त्वाचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुस्ती, आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे, तुरुंगाची नाही. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासही करता येत नाही. लोक ज्याला ‘एनसी’ म्हणतात ती नोंद होते. तुमच्या मुलाच्या खिशातली वस्तू २,२९९ रुपयांची, मित्राच्या सॅकमधली ४,१०० ची. वेगवेगळे पाहिले तर दोघेही या मर्यादेच्या आत राहतात. ‘मिळून’ म्हटले की रक्कम ६,३९९ होते, प्रकरण दखलपात्र व अजामीनपात्र होते आणि शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवर जाते. खोडून वर घातलेल्या त्या तीन शब्दांचे वजन एवढे आहे. मित्राच्या सॅकमध्ये काय होते हे तुमच्या मुलाला ठाऊक होते का, हा म्हणूनच स्वतंत्र आणि फार मोठा प्रश्न आहे.

आणखी एक कलम लक्षात ठेवा. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीला कलम ३०५ आहे, त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि पाच हजारांची सवलत तिथे लिहिलेली नाही. दुकानातील चोरीला हेही कलम लावले जाऊ शकते. म्हणून वकिलांना पहिला प्रश्न विचारा तो ‘सुटेल का?’ असा नको. ‘कलम कोणते लावले आहे, आणि ते बरोबर आहे का?’ असा विचारा. गुन्हा नोंदला गेला असेल तर, संवेदनशील प्रकरणे वगळता, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलेले आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या पोर्टलवर ती शोधता येते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्हाला वाटते की पोलिसांसमोरची लेखी कबुली हा प्रामाणिकपणाचा सर्वांत शुद्ध मार्ग आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. बंद खोलीत माणूस भीतीपोटी काहीही कबूल करतो, या जुन्या अनुभवातून ही तरतूद आलेली आहे. म्हणजे ज्या कागदाने मुलाचे मन हलके होईल असे तुम्हाला वाटते, त्याला न्यायालयात कबुली म्हणून किंमत नाही. उलट दुकानाच्या व्यवस्थापकाने घेतलेला माफीनामा या बंदीत बसत नाही, कारण तो पोलीस नाही. तो कागद पुराव्यात येऊ शकतो. धाक, जबरदस्ती किंवा आमिष दाखवून तो घेतला असेल तर त्यावर हरकत घेता येते, पण ती वेळेत आणि नेमकी घ्यावी लागते : साडेतीन तास कुठे बसवले, फोन काढून घेतला होता का, घरी कळवू दिले का, मजकूर कोणी सांगितला, खाडाखोड कोणाच्या सांगण्यावरून झाली. हे सारे मुलाच्या आठवणीत ताजे आहे तोवर वकिलांनी टिपून घ्यावे आणि त्यांना योग्य वाटेल तेव्हा दुकानाला लेखी कळवावे. सहा महिन्यांनी पहिल्यांदा सांगितले तर ती सुचलेली सबब वाटते.

दुकानाला त्यांना अडवून ठेवण्याचा अधिकार होता का, असेही तुम्ही विचारले आहे. एखाद्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकही गुन्हेगाराला धरू शकतो. मात्र विनाकारण विलंब न लावता, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. इथे पोलिसांना बोलावलेच नाही. कागद मिळेपर्यंत बसवले आणि कागद मिळाल्यावर सोडले. हा ताबा कायद्यातल्या अटकेचा नाही, आणि तुमच्या वकिलांना त्याचा उपयोग करता येईल.

सर, आता जे लिहितो ते तुम्हाला कदाचित सर्वांत कठीण वाटेल. तुम्ही लिहिता की रोज रात्री जेवणानंतर मुलाला समोर बसवून ‘आता तरी खरे सांग’ असे विचारता. कृपया ते थांबवा. मुलगा वकिलाशी जे बोलतो ते गोपनीय राहते, कायदा वकिलाला ते उघड करू देत नाही. बाप-लेकाच्या बोलण्याला असे संरक्षण नाही. उद्या तुम्हाला साक्षीला बोलावले आणि ‘मुलाने तुम्हाला काय सांगितले?’ असे विचारले, तर तुमच्यासारखा माणूस शपथेवर खोटे बोलणार नाही, आणि बोलूही नये. म्हणून सत्य सांगण्याची पहिली जागा त्याला वकिलाच्या टेबलासमोर मिळू द्या, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. बेलापूरच्या न्यायालयात आणि ठाण्याच्या कोर्टनाक्यावर मी असे बाकावर बसलेले पुष्कळ वडील पाहिले आहेत. आत काय बोलणे चालले आहे हे न विचारता बसून राहणे त्यांना फार जड जाते, पण जे बसू शकले त्यांच्या मुलांनी आत खरे सांगितले, असा माझा अनुभव आहे. खरे बोलणाऱ्याला वकील लागतो तो याचसाठी : जे खरे आहे ते योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत, आणि जितके आहे तितकेच पोहोचावे म्हणून.

पोलीस ठाण्याच्या फोनचे काय करायचे? टाळायचे नाही आणि एकटेही जायचे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरधोपट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात बजावले आहे. अटकेची गरज नसेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे पुरेसे नाही, असेही जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. वकिलांनी पोलीस ठाण्याला नम्र पत्र द्यावे : मुलगा सहकार्य करील, लेखी नोटीस द्यावी. नोटीस आली की तिच्यातल्या दिवशी आणि वेळी हजर व्हायचेच. नोटीस मिळूनही गैरहजर राहिल्यास अटकेला कारण मिळते. नाव, पत्ता, महाविद्यालय ही माहिती सरळ द्यायची. स्वतःला गुन्ह्यात गुंतवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मुळे करता येत नाही. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही द्यायची नसते, हेही त्याला आधीच समजावून सांगा. नोटिशीची पोच किंवा पंचनामा या गोष्टी वेगळ्या, त्या वकिलांना विचारून. अटकेची शक्यता दिसत असेल तर अटकपूर्व जामिनाचा विचार त्याच आठवड्यात व्हावा. आणि अटक झालीच, तर कारण कळवणे, घरच्यांना कळवणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणे ही पोलिसांवरची बंधने आहेत.

त्याच्या आईचा मार्ग मला तुमच्या मार्गापेक्षा कमी समजूतदार वाटत नाही, फक्त त्याची रीत चुकीची आहे. फोनवर सांगितलेले ५०,००० रुपये देऊ नका, रोखीने नको आणि यूपीआयनेही नको. वस्तू जागच्या जागी परत गेल्या आहेत, मग ही रक्कम कशाची? पोलिसांची भीती घालून पैसे मागणे हा खंडणीचा गुन्हा ठरू शकतो. फोनची वेळ, नंबर आणि बोलणे त्याच दिवशीच्या तारखेने लिहून ठेवा. मात्र कायदेशीर तडजोडीला पुरेपूर वाव आहे. कलम ३०३ खालील चोरीत मालाच्या मालकाला तडजोड करता येते आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. इथे मालक म्हणजे दुकान चालवणारी कंपनी. काउंटरवरच्या व्यवस्थापकाची सही पुरणार नाही, कंपनीचे अधिकारपत्र लागेल. कलम ३०५ लावलेले असेल तर तडजोडीची ही सोपी वाट नाही. मग समेटाच्या आधारे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. दोन्हींत वकील लागतोच, आणि वस्तू परत मिळाल्याची लेखी पोच आधी घेऊन ठेवणे दोन्हींत उपयोगी पडते.

समजा मुलाने खरोखरच चोरी केली असेल आणि ती सिद्धही झाली, तरी तुम्ही कल्पिलेला शेवट कायद्याने कल्पिलेला नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ पासून आहे. पहिल्या चुकीला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची त्यात सोय आहे, आणि २१ वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवायचे तर न्यायालयाला त्याची कारणे नोंदवावी लागतात. हे वय शिक्षा सुनावण्याच्या दिवशीचे धरतात. तुमच्या मुलाला एकविसावे पूर्ण व्हायला फार काळ नाही, त्यामुळे तारखा पुढे ढकलत राहण्यात त्याचे नुकसानच आहे. याच कायद्याचे कलम १२ सांगते की परिवीक्षेवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटत नाही.

तरीही नोकरीच्या अर्जात ‘तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का?’ असा प्रश्न असेल तर तो दडवायचा नाही. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणाकडे नोकरी देणाऱ्याला दुर्लक्ष करता येते. दडवणे मात्र स्वतंत्रपणे अंगाशी येते. पासपोर्टसाठी खटला प्रलंबित असताना न्यायालयाची परवानगी लागते, एवढे लक्षात असू द्या.

महाविद्यालयाला आपण होऊन कळवावे का? नियमावली किंवा प्रवेशाच्या वेळचे हमीपत्र तसे मागत असेल तर वकिलांना दाखवून कळवा, नसेल तर घाई नको. तिकडून नोटीस आली तर उत्तर थोडके असू द्या. प्राचार्यांपुढे लिहून दिलेली कबुलीही पोलिसांपुढची कबुली नव्हे, तीसुद्धा पुराव्यात येऊ शकते. कारवाई करण्यापूर्वी आरोप लेखी कळवणे आणि मुलाचे म्हणणे ऐकणे हे महाविद्यालयालाही बंधनकारक आहे. त्या मित्राशी या विषयावर संदेशांची देवाणघेवाण थांबवायला सांगा. मात्र जुने संदेश पुसू देऊ नका, पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक आरोप मागे लागेल.

अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतर घरांसाठी थोडेसे. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालील असेल, आणि अकरावी-बारावीची बहुतेक मुले असतातच, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते आणि त्याचा डाग पुढे राहत नाही. मुलगी असेल तर तिची झडती स्त्रीनेच घ्यायची, आणि अपवादात्मक कारण व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर तिला अटक करता येत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; मुली, अल्पवयीन मुले, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी आणि अटकेत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वाशी, बेलापूर, नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतात, पनवेल रायगडमध्ये. विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर विचारता येते.

सर, तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे : ‘तो हल्ली ताट खोलीतच नेतो आणि बरेचसे तसेच परत आणतो.’ मला सगळ्या कलमांपेक्षा या ओळीची अधिक काळजी वाटते. या वयात बदनामीचे भय मुलाला कुठे नेईल याचा भरवसा नसतो. आज रात्री प्रश्न न विचारता त्याच्या खोलीत ताट घेऊन जा आणि त्याच्याबरोबर जेवा. तो अगदीच बोलेनासा झाला, झोप उडाली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे काही बोलला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्याच क्षणी फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. सकाळी वकिलांकडे जाताना माफीनाम्याचा तो फोटो, मुलाचा जन्मदाखला, महाविद्यालयाचे ओळखपत्र, त्या दिवसाची बँकेची नोंद आणि त्याचा फोन, त्यातली कॉलची यादी न पुसता, बरोबर न्या.